झाडाखालच्या सिस्टर

झाडाखाली आल्या आल्या सिस्टर मान वर करायच्या आणि विचारायच्या, "काय, नाइट कशी गेली?"

प्रश्न आम्हाला नसायचा. वर फांद्याफांद्यांना वटवाघळं उलटी लटकलेली असायची, त्यांना असायचा. पहाटे परतलेली ती मंडळी पंखांत स्वतःला गुंडाळून झोपायच्या बेतात असायची. जागेवरून दोघाचौघांची कचाकचा भांडणं चाललेली असायची. सिस्टर ती भांडणं मन लावून ऐकायच्या आणि मग आमच्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणायच्या, "हळू बोला रे. हे सगळे नाइट ड्युटीवाले. दिवसा झोप मोडली की माणूस कसा चिडका होतो, मला विचारा."

मी दादरच्या एका लहानशा संस्थेत काम करतो. कॉलेजच्या मुलामुलींना वन्यजीव अभ्यासाची इंटर्नशिप द्यायची, त्यांच्याकडून फील्डवर्क करून घ्यायचं, हे माझं काम. वन्यजीव म्हटलं की मुलं बिबट्याची स्वप्नं पाहत येतात. आम्ही त्यांना परळच्या एका जुन्या वसाहतीत नेतो, आवारातल्या भल्यामोठ्या पर्जन्यवृक्षाखाली उभं करतो आणि सांगतो, हे तुमचं जंगल. वरून काहीतरी थपकन खांद्यावर पडतं आणि अर्ध्या मुलांचं निसर्गप्रेम तिथेच ओसरतं.

सिस्टरांच्या खांद्यावर कधी काही पडलं नाही. त्या घरून काळी, लांब दांड्याची, पुरुषी छत्री घेऊन यायच्या. भर उन्हाळ्यात, सावलीत, छत्री उघडून उभ्या. येणारीजाणारी माणसं बघून हसायची. त्याही हसायच्या. छत्री मात्र मिटायच्या नाहीत.

आमची पहिली भेट मुलाखतीच्या दिवशी झाली. बाहेरच्या बाकावर मुलांच्या रांगेत साठीच्या एक बाई बसलेल्या. सुती साडी, घट्ट अंबाडा, मांडीवर फाइल. मला वाटलं, कुणाची तरी आई असेल. म्हटलं, "मावशी, मुलीला आत पाठवा."

"मुलगी पुण्याला असते. तिला दोन मुलं आहेत," असं म्हणत त्या उठून उभ्या राहिल्या. "अर्ज माझा आहे, सर."

परळच्याच एका मोठ्या हॉस्पिटलातून त्या सिस्टर-इन-चार्ज म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच जूनमध्ये कॉलेजात जाऊन बी.एस्सी.ला नाव घातलं होतं. आता शेवटच्या वर्षाला होत्या, विषय प्राणिशास्त्र. बारावीनंतर तेच शिकायचं होतं, पण घरात धाकटी भावंडं होती, आणि नर्सिंगला शिकता शिकता विद्यावेतन मिळायचं. "ॲडमिशनच्या खिडकीवरचा पोरगा म्हणाला, मॅडम, गॅप सर्टिफिकेट लागेल. मी म्हटलं, किती गॅपपर्यंत देता? तो आत विचारायला गेला तो लवकर आलाच नाही."

मी त्यांना घेतलं. खरं सांगायचं तर आमच्याकडे वयाची अट नव्हती, कारण ती घालायची वेळच कधी आली नव्हती.

नाव घेऊन कुणी हाक मारलीच नाही त्यांना. पहिल्या दिवशीच मुलं सिस्टर म्हणू लागली आणि त्याही त्याच नावाला ओ द्यायला सरावलेल्या होत्या. मला मात्र त्या सर म्हणायच्या. त्यांच्या मुलीपेक्षाही मी लहान. मी दहादा सांगितलं, सर नका म्हणू.

"ड्युटीवर सर," त्या म्हणायच्या. "ड्युटी संपली की बघू."

आणि खरोखरच काम आटपून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला उभं राहिलं की त्यांचा सूर बदलायचा. "अरे, जेवतोस की नाही वेळेवर? डोळे बघ कसे झालेत." पुन्हा झाडाखाली गेलं की, "सर, आजचं तापमान लिहून घेतलंय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा पेशा त्यांच्या अंगातून निघत नाही. सिस्टरांनी झाडाचा वॉर्ड करून टाकला होता. प्रत्येक मोठ्या फांदीला त्या बेड म्हणायच्या. एप्रिलच्या उकाड्यात वटवाघळं पंखांनी स्वतःला वारा घालू लागली की म्हणायच्या, "आज सगळ्या वॉर्डाला ताप आहे." आमच्या गटात रिद्धी नावाची एक हुशार मुलगी होती, लालबागची. एकदा तिनं निरीक्षणात लिहिलं, "कडेचं पिल्लू उदास दिसत होतं." सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं.

"उदास नाही लिहायचं गं. काय दिसलं?"

"हलत नव्हतं."

"मग हलत नाही, असं लिही. उदास आहे की गाढ झोपलंय, ते तुला नाही माहीत, मला नाही माहीत."

रिद्धीनं खोडून पुन्हा लिहिलं. पुढे सगळी मुलं एकमेकांना चिडवायला तेच वाक्य वापरू लागली. कुणी म्हणालं, मला भूक लागलीये, की दुसरा म्हणायचा, भूक नाही लिहायची, पोटातून आवाज येतोय असं लिही.

पण सिस्टरांना सगळंच जमत होतं असं समजू नका. संध्याकाळी वटवाघळं झाडावरून उठून बाहेर पडतात तेव्हा त्यांची मोजणी करायची असते. प्रत्येकानं आभाळाचा एकेक तुकडा वाटून घ्यायचा आणि त्यातून जाणारं प्रत्येक वटवाघूळ टिपायचं. काळोख पडायच्या आत उजेड झरझर उतरत असतो आणि हे काळे पंख चहूबाजूंनी सुटतात. सिस्टरांच्या वाट्याच्या तुकड्यात रोज फारच कमी वटवाघळं भरायची. मुलांनी जागा बदलून पाहिली, तरी तेच. मी विषय काढायला कचरत होतो. त्यांनीच काढला.

"सर, माझे आजवरचे आकडे काढून टाका."

"का? थोडाफार फरक सगळ्यांचाच—"

"थोडाफार नाही. काल मी डावा डोळा झाकून पाहिलं, मग उजवा. डाव्यानं नुसता धूर दिसतो, उजवाही काही फार बरा नाही. मोतीबिंदू आहे. मला कळायला हवं होतं, दुसऱ्यांचे मी लांबून ओळखायचे." मग त्या म्हणाल्या, "चुकीचा चार्ट ठेवण्यापेक्षा कोरा बरा."

त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस घरी काढले, एकही दिवस आधी आल्या नाहीत. आल्या त्या सकाळी डोळ्यांवर काळा चष्मा होता. झाडाखाली उभ्या राहून चष्मा काढला, दुर्बीण लावली, आणि नेहमीचा प्रश्न विचारायच्याच विसरल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या मानेला केस आहेत. तांबडे."

आम्हाला ते माहीत होतं. पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्यांनी इतके आठवडे त्या झाडाखाली उभं राहून नुसत्या काळ्या सावल्या पाहिल्या होत्या आणि त्यांच्यावरच एवढा जीव लावला होता.

"तोंड बघा, कुत्र्याच्या पिल्लासारखं," त्या दुर्बीण न काढता म्हणत होत्या. "आणि हिच्या पोटाशी बघा. बाळ आहे. सर, हिच्या पोटाशी बाळ आहे!"

त्या सकाळी त्यांनी दुर्बीण कुणालाच दिली नाही.

ऑपरेशननंतर त्या घरी होत्या तेव्हा मी नायगावला त्यांच्या घरी गेलो होतो. जिना चढताना एका म्हाताऱ्यांनी "जयभीम, कुणाकडे?" म्हणून विचारलं आणि सिस्टरांचं नाव सांगताच दारापर्यंत आणून सोडलं. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली कॉलेजची पुस्तकं. दार उघडलं ते त्यांच्या मिस्टरांनी. चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर फिटर होते. मोजकं बोलणारे गृहस्थ.

"तुम्हीच का ते वटवाघूळवाले?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"बसा." सिस्टर चहा टाकायला उठू लागल्या तेव्हा म्हणाले, "तू नको उठू," आणि स्वतः उठले. आतून बराच वेळ भांड्यांचे आवाज आले. शेवटी ते खाली जाऊन हॉटेलातून चहा घेऊन आले.

सिस्टर डोळ्यावरच्या पट्टीखालून हसत होत्या. "ह्यांना लेथ मशीन खोलून परत जोडता येतं," त्या म्हणाल्या. "स्टोव्हला हात लावला की घाबरतात."

आता त्या सभेचं सांगतो.

वसाहतीतल्या लोकांचा वटवाघळांवर राग होताच. घाण, वास, पहाटेचा कलकलाट. त्यात आदल्या पावसाळ्यात एक फांदी फाटकावर कोसळली होती, वॉचमन थोडक्यात बचावला होता. त्यामुळे यंदा पावसाळ्याआधी झाडाची चांगली खरड छाटणी करून घ्यायची, म्हणजे फांद्याही जातील आणि वटवाघळंही, असं कमिटीनं ठरवलं. छाटणीची माणसं यायची होती तेव्हा झाडावर पिल्लं होती. आईला रात्रभर सोबत वागवता येणार नाही एवढी मोठी, आणि स्वतःला उडता येणार नाही एवढी लहान. संध्याकाळी आया चरायला जातात तेव्हा ही पिल्लं फांदीलाच धरून राहतात. फांदी गेली की तीही गेली.

आम्ही कमिटीपुढे बोलायची परवानगी मागितली. आवारातच सभा भरली. कमिटीचे सेक्रेटरी सावंतकाका, मूळचे मालवणकडचे, गिरणीत टाइमकीपर होते. भारदस्त माणूस. मी आधी बोललो. वटवाघळं बिया पसरवतात, फुलांचं परागण करतात, कायदा काय म्हणतो, सगळं सांगितलं. लोक मोबाइल बघत होते.

"ही दुर्मीळ जात आहे का?" मागून कुणीतरी विचारलं.

मी घोळवून उत्तर द्यायच्या तयारीत होतो. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "नाही. भारतभर आहेत."

रिद्धीनं कपाळाला हात लावला.

सावंतकाका उठले. "मग आम्हाला लेखी हमी द्या. ह्यांच्यापासून आमच्या पोराबाळांना काही रोग होणार नाही, अशी."

"हमी नाही देता येणार," सिस्टर म्हणाल्या. "वटवाघळांमध्ये विषाणू असतात. ते कधीकधी माणसात येऊ शकतात. उष्टं फळ खायचं नाही, खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही, पाण्याची टाकी झाकून ठेवायची. एवढं पाळलं तर धोका फार कमी. पण अजिबात नाही, असं मी लिहून देणार नाही. वॉर्डातसुद्धा मी कधी कुणाच्या नातेवाइकाला हमी दिली नाही."

झालं. मला वाटलं, आता संपलं सगळं. आमच्याच बाजूचं माणूस आमच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

सावंतकाका एरवी सभेत अगदी नेमकं, छापील बोलायचे. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला आणि ते एकदम मालवणीत शिरले. "ह्येंच्यामुळेच तो रोग इलो! माझो मोठो भाव गेलो त्यात. हातीपायी चलत गेलो हॉस्पिटलात, तो परत इलोच नाय. तोंडसुद्धा बघूक गावला नाय आमका!"

लोकांनी मोबाइल खिशात टाकले. प्रत्येक घरातून त्या दोन वर्षांत कुणी ना कुणी गेलेलं होतं.

सिस्टरांनी छत्री मिटली. "कुठल्या हॉस्पिटलात होते?"

काकांनी नाव सांगितलं.

"मी तिथेच होते," सिस्टर म्हणाल्या. "त्याच ड्युटीला. माझं शेवटचं वर्ष होतं. तुमचे भाऊ माझ्या वॉर्डात होते का, ते मला आठवत नाही. आठवतंय असं खोटं सांगणार नाही."

काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"घरच्यांना आत सोडत नव्हते. मला माहितीये. म्हणून आम्ही ज्याच्याजवळ जमेल त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहायचो. हात धरायचो, हातमोजा घालून का होईना. सगळ्यांजवळ नाही पोचता आलं. माणसं कमी होती. माझी मैत्रीण माझ्याबरोबर होती त्या ड्युटीला, एकाच बॅचच्या आम्ही. तीही गेली." त्यांचा आवाज होता तसाच राहिला. "तो रोग आला कुठून, ते मोठमोठ्यांना अजून नक्की सांगता येत नाही. मला तर नाहीच. पण ह्या झाडावरून आला नाही, एवढं मी सांगते. मला कुणावर तरी राग काढायचा असता तर मीही काढला असता, काका. रिटायर झाल्यावर मी वर्षभर तेच शोधत होते, कुणावर काढू."

सावंतकाका खाली बसले. मग पुन्हा छापील मराठीत म्हणाले, "पण फांदी पडून माणूस मेला तर?"

"तर मी वटवाघळांची बाजू घेणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "चला, दाखवते."

आणि सभा उठून झाडाखाली गेली. सिस्टरांनी छत्रीच्या टोकानं वर दाखवलं. फाटकाच्या दिशेनं गेलेल्या दोन फांद्या पोकळ झाल्या होत्या, आणि तिथे गाड्यांचा धूर येतो म्हणून की काय, आया पिल्लं ठेवत नव्हत्या. त्या आत्ता कापा. मधल्या फांद्या पिल्लं उडायला लागल्यावर, पावसाळा संपला की बघा. सावंतकाकांनी मान मागे टाकून बराच वेळ वर पाहिलं. इतक्या वर्षांत ते त्या झाडाकडे असं बघत असतील असं वाटत नाही.

"दोनच," ते शेवटी म्हणाले. "बाकीचं दिवाळीत बघू."

छाटणी झाली त्या दिवशी मात्र जे व्हायला नको होतं ते झालं. करवतीच्या आवाजानं सगळं झाड भर उन्हात उठलं. आभाळ काळं झालं. त्या गोंधळात मधल्या फांदीवरून एक पिल्लू खाली पडलं, फरशीवर. लोक धावले. सिस्टर सगळ्यांच्या आधी पोचल्या आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

जखमी प्राणी उचलणारा, लस टोचून घेतलेला, जाड हातमोजे वापरणारा आमचा एक कार्यकर्ता माहीमला राहतो. त्याला फोन केला. तो येईपर्यंत सिस्टरांनी छत्री उघडून त्या पिल्लावर धरली आणि स्वतः उन्हात उभ्या राहिल्या. पिल्लू पंखाच्या आकड्यानं फरशी चाचपत होतं. ते डोळे उघडून वर बघत होतं, छत्रीकडे.

"मीच फांद्या दाखवल्या," सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी म्हटलं, नाहीतर सगळंच झाड गेलं असतं.

"ते खरंय. पण दाखवल्या मीच."

सावंतकाका घरातून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. "बसा ओ बाई, चक्कर येईल," असं करवादले, आणि खुर्ची ठेवून जवळ येणाऱ्या पोरांना हाकलत तिथेच उभे राहिले.

कार्यकर्ता आला. त्यानं पिल्लू तपासलं, हाडं शाबूत होती. एका टोपलीला आतून कापड बांधून त्यानं पिल्लाला त्यात लटकवलं आणि टोपली दोरीनं वरच्या फांदीला टांगली. आई संध्याकाळी आली तर घेऊन जाईल, तो म्हणाला. कधी येतात, कधी येत नाहीत.

काळोख पडेपर्यंत सिस्टर खाली उभ्या होत्या. वटवाघळं टोपलीजवळून येत-जात राहिली. मग काही दिसेनासं झालं.

सकाळी आम्ही सगळे लवकर आलो. टोपली रिकामी होती.

मुलं नाचायला लागली. रिद्धी रडतच लिहायला बसली, "आईने पिल्लाला नेले." सिस्टर तिच्या शेजारी बसल्या.

"आईला नेताना कुणी पाहिलं?"

"पण सिस्टर, टोपली..."

"टोपली रिकामी. तेवढंच लिही. इथे मांजरं आहेत, कावळे आहेत."

रिद्धीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं लिहिलं, "टोपली रिकामी." त्याखाली सिस्टरांनी आपली सही केली.

टपरीवर चहाचा ग्लास अर्धा झाल्यावर इकडेतिकडे पाहून, कुणी ऐकत नाही ना अशा बेतानं, मला म्हणाल्या, "नेलं असणार रे तिनं. आई आहे ती." आणि डोळे पुसायला चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून पदराचं टोक नुसतं गालावर टेकवलं.

पावसाळ्यात पिल्लं उडू लागली. झाडावरची गर्दी थोडी कमी झाली, काही मंडळी कुठे दुसरीकडे राहायला गेली असावीत. दिवाळीनंतर मधल्या फांद्या छाटायचा विषय सावंतकाकांनी काढला नाही. आम्हीही काढला नाही.

सिस्टर बी.एस्सी. झाल्या. आणि मग तळकोकणातल्या एका प्रकल्पासाठी माणसं हवी आहेत असं कानावर आलं. तिथे सुपारीच्या, चिकूच्या बागा आहेत, बागायतदारांचं वटवाघळांशी वैर आहे. गावात राहून दोन्ही बाजूंचं रोजचं निरीक्षण ठेवायचं काम. प्रकल्पाच्या शास्त्रज्ञ बाईंनी मला फोनवर विचारलं, "तुमच्या ह्या उमेदवाराचं वय चुकून असं पडलंय का?"

"नाही. बरोबर आहे."

"डोंगर चढतील?"

"माहीत नाही," मी म्हटलं. सिस्टरांबद्दल बोलताना अंदाजानं सांगायची सोयच राहिली नव्हती. "पण चिडलेल्या माणसाशी बोलायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी मी पाहिलेलं नाही."

त्यांची निवड झाली. परळच्या एस.टी. डेपोत मी त्यांना सोडायला गेलो. पाठीवर नवी कोरी सॅक, पायात बूट, साडीऐवजी पंजाबी ड्रेस. मिस्टर बरोबर होते. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती द्यायची कधी हे त्यांना कळत नव्हतं. बस लागली तशा सिस्टर झटक्यात चढल्या, खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या बाईशी बोलायलाही लागल्या. बस हलली तेव्हा मिस्टरांनी धावत जाऊन बाटली खिडकीतून आत दिली.

बस फाटकाबाहेर वळून दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते.

"एवढी वर्षं ती ड्युटीवर जायची," ते म्हणाले. "दिवसपाळी, रात्रपाळी, सणावाराला. मी कधी जिन्यापर्यंत सोडायला गेलो नाही. आज पहिल्यांदा आलो."

आम्ही नायगावच्या दिशेनं चालू लागलो.

"तुला डाळ येते का रे करता?"

"येते."

"मग चल. दाखव एकदा."

वाटेत त्यांनी कोथिंबिरीची एक जुडी घेतली, भाव न विचारता. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. फळीवरचे सगळे डबे ओळीनं पुढे ओढून ठेवले होते आणि प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, औषधाच्या बाटल्यांना लावतात तशी. सुवाच्य, गोल अक्षर. तूरडाळ, एका माणसाला एक मूठ. मीठ, साखर नव्हे. तिखट, हात लगेच धुणे. ते माझ्या मागे उभे राहून एकेक वाचत होते, ओठ हलवत. शेवटी एक छोटी डबी होती. त्यांनी ती हातात घेतली, खिडकीशी उजेडात धरली आणि मोठ्यानं वाचलं.

"हिंग. चिमूटभर. घाबरू नये."